भूतकाळ चालू कसा असंल?

भांडी झाली का? नसतील झाली तर घासता घासता ऐका, माझं काही अडत नाही. आज इंग्रजीबद्दल बोलायचं आहे, म्हणून लगेच रेडिओचा कान पिळू नका. मी काही इंग्रजीची बाई नव्हे. माझं बी.ए. मराठी आणि इतिहास घेऊन झालं. महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली, आम्ही त्याच्या आधीच्या. आम्हाला एबीसीडी भेटली ती पाचवीत, आणि भेटली तेव्हाच तिची आमची ओळख जरा बिघडली.

आमच्या गटाची बैठक मंगळवारी असते. बचत गोळा झाली, कर्जाचे हप्ते लिहून झाले की त्यानंतरचा अर्धा तास आम्ही इंग्रजीला देतो. एकदा मी फळ्यावर लिहिलं, 'चालू भूतकाळ'. आमच्या गटात एक काकू आहेत. साठी उलटलेली, शाळा चौथीपर्यंत. त्यांनी ते अक्षर अक्षर लावून वाचलं आणि म्हणाल्या, "अगं, भूत म्हंजे गेलेलं. गेलेलं चालू कसं असंल? एक तर ते गेलं, न्हाईतर ते चालू हाय. दोन्ही कसं?"

सगळ्या हसल्या. मीही हसले. पण उत्तर मला आलं नाही. पंधरा वर्षांपूर्वी पदवी घेतलेली बाई मी, खडू हातात धरून उभी राहिले. आणि गंमत अशी की ह्याच प्रश्नाचं उत्तर माहीत नसल्यामुळे आमच्या गटाचं नुकसान झालेलं होतं. हा अर्धा तास सुरू झाला तोच त्या नुकसानीमुळे. ते सांगते.

आमचा गट शेंगा चटणी करतो. सोलापूरकडची, उखळात कांडलेली, तेल सुटेपर्यंत. एका वर्षी मुंबईच्या महालक्ष्मी सरसमध्ये आम्हाला स्टॉल मिळाला. तिथे चेन्नईचे एक दुकानदार आले, चटणी चाखली, माझा नंबर घेऊन गेले. त्यांना मराठी येत नाही, हिंदी तोडकंमोडकं, आणि आम्हाला तमिळ येण्याचा प्रश्नच नाही. म्हणजे मधली भाषा इंग्रजी. पुढे दिवाळीच्या महिनाभर आधी त्यांचा व्हॉट्सॲपवर मेसेज आला : 'आर यू मेकिंग शेंगा चटणी नाऊ?' सध्या तुम्ही चटणी करताय का?

योगायोग बघा, मेसेज आला तेव्हा आम्ही खरोखर कांडत बसलो होतो. चौघीजणी, हात तिखटाचे. मला आनंद झाला. मनात वाक्य आलं ते असं : 'अहो, तुमचा मेसेज आला तेव्हा आम्ही चटणीच करत होतो!' त्यातलं 'आम्ही चटणी करत होतो' हे इंग्रजीत जमलं : 'वी वेअर मेकिंग चटणी.' पण 'तुमचा मेसेज आला तेव्हा' हे कसं लिहायचं, कुठे जोडायचं, ह्याची खात्री वाटेना. चूक नको म्हणून ते सोडून दिलं आणि उरलेलं वाक्य पाठवून दिलं.

त्यांचं उत्तर आलं : 'ओके. थँक यू. प्लीज इन्फॉर्म व्हेन यू स्टार्ट अगेन.'

मी वाचलं, इन्फॉर्म म्हणजे कळवा, स्टार्ट म्हणजे सुरू. सुरू कराल तेव्हा कळवा. मला वाटलं ऑर्डर पक्की, आता किती किलो ते सांगतील. त्या भरवशावर दोघींनी गटातून अंतर्गत कर्ज काढलं आणि शेंगदाणे भरले. दोन आठवडे गेले, मेसेज नाही. दिवाळीच्या सुट्टीला भाचा आला, तो इंजिनिअरिंगला आहे. त्याला मोबाईल दाखवला. म्हणाला, "आत्या, अगेन म्हणजे पुन्हा. त्यांना वाटलंय तुम्ही चटणी करणं बंद केलंय. पुन्हा सुरू कराल तेव्हा कळवा म्हणतायत."

तोवर त्यांनी दुसरीकडून माल घेतला होता. आमची चटणी आठवडी बाजारात कमी भावाने गेली. त्या दोघींनी कर्जाचे दोन हप्ते खुरपणीच्या मजुरीतून भरले. मला कुणी एका शब्दाने बोललं नाही. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. नोंदवहीत त्या हप्त्यांपुढे मीच सही केलेली आहे, ते पान अजून दिसतं.

तर आता काकूंचा प्रश्न. त्याचं उत्तर मला पुढच्या बैठकीआधी घरी चुलीपुढे सुचलं. मंगळवारी मी त्यांना विचारलं, "काकू, काल संध्याकाळी सात वाजता तुम्ही काय करत होता?"

"भाकरी करत हुते."

"सातच्या ठोक्याला भाकऱ्या झाल्या होत्या?"

"कशाच्या! एक तव्यावर, एक हातात, आणि परातीत ही एवढं पीठ."

बस. हाच चालू भूतकाळ. कालची संध्याकाळ गेली, ती भूतकाळात जमा. पण त्या संध्याकाळी सातला जाऊन बघितलं तर काम अर्धं होतं, परातीत पीठ होतं. वेळ गेलेली, काम त्या वेळेपुरतं चाललेलं. दोन्ही एकत्र असू शकतं. शाळेत मराठीच्या बाई ह्यालाच 'अपूर्ण भूतकाळ' म्हणायच्या आणि इंग्रजीचे सर 'चालू भूतकाळ'. दोन्ही एकच, हे दोघांपैकी कुणीच सांगितलं नाही. मला विचाराल तर मराठीचं नाव जास्त बरं आहे. अपूर्ण म्हटलं की अर्थ लगेच डोळ्यापुढे येतो. आणि 'चालू' म्हटलं की आमच्याकडे भलत्याच माणसाची आठवण होते.

इंग्रजीत क्रियापदाला 'इंग' लागतं ना, मेकिंग, कुकिंग, वॉशिंग, ते 'इंग' म्हणजे परातीतलं पीठ. काम उरलंय, एवढंच ते सांगतं. कधीचं, ते सांगत नाही. ते सांगायचं काम त्याच्या आधीच्या छोट्या शब्दाचं. ॲम, इज, आर आलं की आत्ताची परात. वॉज, वेअर आलं की तेव्हाची परात. 'आय ॲम कुकिंग', मी आत्ता स्वयंपाक करतेय. 'आय वॉज कुकिंग', मी तेव्हा स्वयंपाक करत होते. मी, तो, ती, ते ह्यांना वॉज. आम्ही, तुम्ही, ते सगळे ह्यांना वेअर. 'यू'ला मात्र कायम वेअर, समोर कलेक्टर असो की दोन वर्षांचं पोर. आणि एक सोय आहे, आपल्याकडे पुरुष 'करत होतो' म्हणतो, आपण 'करत होते' म्हणतो, इंग्रजीत दोघांनाही 'आय वॉज'. तिथे बाईबुवा नाही.

आता तुम्ही म्हणाल, 'वेअर मेकिंग' म्हणजे काम चाललेलं होतं, संपलं असं कुठे म्हटलंय? मग त्या चेन्नईवाल्यांनी तसं का धरलं? अहो, मूळ गोष्ट इथेच आहे. 'वॉज' म्हटलं की ऐकणारा मनात विचारतो, कधी? तुम्ही ती वेळ दिली, म्हणजे 'काल सातला', 'तुमचा मेसेज आला तेव्हा', 'पाऊस पडत होता तेव्हा', तर तो तुमच्याबरोबर तिथे जातो आणि चाललेलं काम बघतो. तुम्ही वेळ दिलीच नाही तर तो आपल्या मनाने जोडतो : तेव्हा करत होते, म्हणजे आता करत नाहीत. मराठीतही आपण हेच करतो. कुणी नुसतं म्हणालं, 'मी अंगणवाडीत काम करत होते', की आपण लगेच विचारतो, 'मग सोडलंस का गं?' पण तीच म्हणाली, 'तू आलीस तेव्हा मी अंगणवाडीत काम करत होते', तर कुणी तसं विचारत नाही. 'वॉज'ला एकटं सोडायचं नाही. त्याच्या सोबतीला 'तेव्हा' द्यायचा. इंग्रजीत तो 'व्हेन'. 'वी वेअर मेकिंग चटणी व्हेन युवर मेसेज केम.' मी जे सोडून दिलं तेच वाक्यातलं कामाचं होतं.

खरं तर त्यांच्या प्रश्नाला त्या सोबतीचीही गरज नव्हती. त्यांनी 'आर यू' विचारलं होतं, तर 'येस, वी आर' म्हटलं असतं तरी पुरे होतं. विचारणाऱ्याच्याच तोंडातला शब्द उचलून परत द्यायचा. 'आर यू मेकिंग?' 'येस, वी आर मेकिंग.' 'वेअर यू मेकिंग?' 'येस, वी वेअर.' फोनवर घाबरायला झालं तर एवढं तरी हाताशी असू द्या. आणि आम्ही बारा महिने चटणी करतो, हा आमचा धंदाच आहे, असं सांगायचं असेल तर 'इंग' लावूच नका, 'वी मेक चटणी' म्हणा.

ह्याचा आणखी एक किस्सा, पण हा हसण्यावारी गेला. आमच्या गटातल्या एका ताईंची मुलगी नर्सिंगच्या प्रवेशाला मुलाखतीला गेली. तिला विचारलं, वडील काय करतात? तिचे वडील साखर कारखान्यात होते, त्याच वर्षी निवृत्त झाले. ती म्हणाली, 'माय फादर वॉज वर्किंग इन शुगर फॅक्टरी.' समोरच्या मॅडमचा चेहरा पडला, हळू आवाजात म्हणाल्या, 'ओह, आय ॲम सॉरी.' पोरीला कळेना ह्या कशाबद्दल माफी मागतायत. ती गोड हसली. मग तर मॅडमना आणखीच कसंतरी झालं. बाहेर वडील तिचा डबा धरून बाकावर बसलेले. तिथेही सोबत हवी होती : 'ही वॉज वर्किंग इन अ शुगर फॅक्टरी. नाऊ ही इज रिटायर्ड.'

आता सोपी खूण सांगते. मराठी वाक्याचं शेपूट बघायचं. शेपटाला 'आहे' असेल तर ॲम, इज, आर. 'होता, होती, होतं, होते' असेल तर वॉज, वेअर. आपण बोलताना 'आहे' गिळतो, 'करतेय', 'येतोय', 'झोपलाय', पण त्यात ते 'आहे' लपलेलं असतंच. मोठ्याने पूर्ण म्हणून बघायचं, 'करते आहे', की सापडतं.

ही खूण एके ठिकाणी तर फारच उपयोगी पडते. बाळ झोपलंय. मावशी उभ्या आहेत. ती खुर्चीत बसलीये. वहिनीने निळी साडी नेसलीये. ह्यातल्या 'झोपलं', 'बसली', 'नेसली'कडे बघितलं की वाटतं काम झालेलं आहे, म्हणजे भूतकाळ, म्हणजे वॉज. आमची एक जण दवाखान्यातल्या परप्रांतीय डॉक्टरीणबाईंना फोनवर म्हणाली, 'बेबी वॉज स्लीपिंग.' त्या म्हणाल्या, मग आता काय करतंय, रडतंय का? तर बाळ ढाराढूर झोपलेलं. शेपटाला 'आहे' आहे, म्हणून 'बेबी इज स्लीपिंग.' झोपलं होतं, उठलं, तर वॉज. तसंच 'शी इज वेअरिंग अ ब्लू सारी' म्हणजे ती निळी साडी नेसली आहे, अंगावर आहे. आणि आपण 'साडी नेसतेय' म्हणतो, निऱ्या अजून हातात आहेत, ते इंग्रजीत वेगळं, 'शी इज पुटिंग ऑन अ सारी.' पण हे निजणं, बसणं, उभं राहणं, नेसणं, असल्या अंगाच्या ठेवणीच्या शब्दांपुरतंच बरं का. 'मी जेवलेय' म्हणजे 'आय ॲम ईटिंग' नव्हे. ताट घासायला गेलं.

शेपूट दगा देतं अशाही जागा आहेत.

पहिली, आपलं 'आलेच!' खालून कुणी हाक मारली की आपण वरून ओरडतो, 'आले, आले!' पाय अजून जिन्याला लागलेला नसतो. शेपूट नाही, रूप भूतकाळाचं, आणि अर्थ 'निघतेय'. इंग्रजीत इथे 'आय केम' म्हटलं तर ऐकणारा तुम्हाला दारात शोधील. तिथे 'आय ॲम कमिंग'. आणि 'आय वॉज कमिंग' तर म्हणूच नका, त्याचा सूर 'येतच होते, पण राहिलं' असा लागतो.

दुसरी, 'मी दहा वर्षं शिवणकाम करतेय'. इथे 'आहे' लपलेलं आहे खरं, पण दहा वर्षांपूर्वीपासून आजपर्यंत असा पूल बांधायचा असला की इंग्रजीला नुसतं 'ॲम' पुरत नाही, 'हॅव बीन' लागतं : 'आय हॅव बीन स्टिचिंग फॉर टेन इयर्स.' बँकेत, मुलाखतीत हे वाक्य हमखास लागतं. एवढं एक पाठच करून ठेवा. तिसरी, माहीत असणं, हवं असणं, आवडणं, मालकीचं असणं. ह्यांत परात आणि पीठ नसतं, म्हणून 'इंग'ही नाही. 'आय नो', 'आय वाँट'. 'आय ॲम हॅविंग टू बफेलोज' म्हणू नका, 'आय हॅव' म्हणा. म्हशी आहेत तर आहेत, त्यात चालायचंय काय?

चौथी जागा मला सगळ्यात अवघड गेली, म्हणून जरा थांबते. दुसऱ्याचं बोलणं सांगणं. मराठीत आपण समोरच्याचं वाक्य जसंच्या तसं ठेवतो. 'साहेब म्हणाले, मी गुरुवारी येतोय.' म्हणाले भूतकाळात, येतोय वर्तमानकाळात, आपल्याला काही खटकत नाही. इंग्रजीत 'सेड' एकदा मागे गेलं की त्याच्यामागून दुसरंही मागे जातं : 'ही सेड ही वॉज कमिंग ऑन थर्सडे.' मी ग्रामसंघाच्या एका इंग्रजी अहवालात लिहिलं होतं, 'ही सेड ही इज कमिंग ऑन थर्सडे.' तो अहवाल वाचला गेला दोन महिन्यांनी. वाचणाऱ्या मॅडमनी मला फोन करून विचारलं, कुठल्या गुरुवारी येणार आहेत? मला थांबायला हवं का? तेव्हा मला 'वॉज'चं महत्त्व पटलं. 'वॉज' लिहिलं असतं तर तो गुरुवार बोलणाऱ्याचा राहिला असता, वाचणाऱ्याच्या गळ्यात पडला नसता.

मग इथे 'इज' कधीच चालत नाही का? चालतं. आत्ता फोन आला, ताई एसटीत बसल्यात, वाटेवर आहेत, तुम्ही शेजारणीला सांगताय, तर 'शी सेड शी इज कमिंग' म्हणा, कारण ते अजून खरं आहे. पण कागदावर लिहिताना, अहवालात, इतिवृत्तात, 'वॉज'च लिहा. कागद उद्या वाचला जातो.

एवढं सगळं ऐकून काकू म्हणाल्या, "इंग्रजांनी ह्ये मुद्दाम आपल्याला छळायला केलंय." मुद्दाम नाही केलं. त्यांच्या भाषेतही हे 'इंग'वालं बोलणं हळूहळू वाढत आलं. 'घर बांधलं जातंय' ह्याला ते आज 'द हाऊस इज बीइंग बिल्ट' म्हणतात, ते अठराव्या शतकाच्या अखेरीला रुळायला लागलं. त्याआधी 'द हाऊस इज बिल्डिंग' म्हणायचे, घर बांधतंय! कोण बांधतंय, काय बांधतंय, विचारू नका.

एक मात्र जागा अशी आहे की तिथे आपण आणि इंग्रज अगदी सख्खे. सासूबाईंना काही विचारायचं असलं की आपण काय म्हणतो? 'आई, मी म्हणत होते, दोन दिवस माहेरी जाऊन यावं का?' म्हणत कुठे होतो, आत्ता म्हणतोय! पण 'म्हणत होते' म्हटलं की मागणं जरा मागे सरकतं, समोरच्यावर आदळत नाही. इंग्रजीतही हीच रीत. बँकेच्या मॅनेजरना 'आय वाँट टु मीट यू' न म्हणता 'सर, आय वॉज होपिंग टु मीट यू' म्हणा. भेटायची आशा आत्ताच आहे, पण 'वॉज'ने ती अदबीने पुढे येते. इथे वेळ सांगायला नको, 'व्हेन' नको, आणि तुम्ही आशा सोडली असंही कुणी समजत नाही. हे वाक्य आमच्या गटात सगळ्यांना आधी जमलं. काकूंना तर पहिल्याच झटक्यात. चाळीस वर्षांचा सराव, दुसरं काय.

चेन्नईच्या त्या दुकानदारांना पुढच्या वर्षी मी स्वतःहून मेसेज केला. भाच्याला दाखवला नाही. लिहिलं, 'सर, लास्ट इयर वी वेअर मेकिंग चटणी व्हेन यू आस्क्ड. वी आर मेकिंग इट नाऊ ऑल्सो.' त्यात 'नाऊ ऑल्सो' जरा आपल्याकडचं झालं असं भाचा नंतर म्हणाला. पण अर्थ पोचला. पंधरा किलोची ऑर्डर आली. पहिल्या वर्षी चाळीसची बोलणी होती, ती काही परत आली नाहीत.

काकूंचा नातू बेंगळुरूला असतो. परवा बैठकीत त्याचा फोन आला, त्याला ठाऊक होतं आजी इंग्रजी शिकतेय, म्हणून चेष्टेत विचारलं, 'आजी, व्हॉट आर यू डूइंग?' काकूंनी फोन कानापासून लांब धरला, आमच्याकडे बघितलं, बोटावर काहीतरी मोजलं आणि म्हणाल्या, 'आय वॉज काउंटिंग मनी व्हेन यू कॉल्ड.' मग माझ्याकडे वळून, "आता परत मोजावं लागंल, सगळं इसरले."